फोर्स वन, क्यूआरटी की मार्कोस? तुलना करायची तर कशी करायची

श्रीवर्धनकर:

सागर कवच हा किनारा सुरक्षेचा सराव झाला की आमच्या बंदरावर हा वाद हटकून निघतो. एक बाजू म्हणते, पोलिसांचे कमांडो म्हणजे वेगळा गणवेश घातलेले पोलीसच. खरी लढाई आली की मार्कोस नाहीतर लष्करच लागणार, २००८ ला मुंबईत दिसलंच. दुसरी बाजू म्हणते, गडचिरोलीत नक्षलवाद्यांशी लढणारे सी-६० पण पोलीसच आहेत, त्यांच्यासमोर कोण उभं राहील सांगा.

आपल्या किनाऱ्यावर हा प्रश्न नुसता गप्पांचा नाही. १९९३ च्या मुंबई स्फोटांचं आरडीएक्स शेखाडीला उतरलं होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला वाहत आलेल्या बोटीत तीन एके-४७ सापडल्या. ती बोट बिघडून सोडून दिलेली निघाली, पण ते कळेपर्यंत अख्खा जिल्हा नाकाबंदीत होता.

जाणकारांनी दोन गोष्टी सांगाव्यात. समसमान माणसं धरली तर लढाईत पोलिसांचं विशेष पथक आणि लष्करी कमांडो यांच्यात नेमका फरक कुठे पडतो? आणि समजा, पाच-सहा हत्यारबंद माणसं खाडीतून वर येऊन एखाद्या वाडीतल्या घरात माणसं ओलीस धरून बसली, तर तिथे कुणाची पद्धत चालेल?

चिरेबंदी:

आधी नावांचा गुंता सोडवू, कारण निम्मा वाद तिथेच आहे. मार्कोस नौदलाचे, १९८७ साली उभे राहिले. पॅरा स्पेशल फोर्सेस भूदलाच्या, गरुड हवाई दलाचे. एनएसजी मात्र गृहमंत्रालयाखाली येते. ती १९८४ मध्ये ब्लू स्टारनंतर उभी राहिली, पण तिचा धडक देणारा गट, म्हणजे स्पेशल ॲक्शन ग्रुप, भूदलातून प्रतिनियुक्तीवर आलेल्या जवानांचा. म्हणजे ताज आणि नरिमन हाउसमध्ये शिरलेली माणसं खात्याने गृहखात्याची, घडणीने सैनिक आणि त्या दिवशीचं काम पोलिसी. फोर्स वन ही २६/११ नंतर महाराष्ट्र पोलिसांनी उभी केली, तिचा तळ गोरेगावला. क्यूआरटी, म्हणजे पोलिसांची जलद प्रतिसाद पथकं, जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. सी-६० हा १९९० पासून गडचिरोली पोलिसांचा. त्यामुळे ‘पोलीस की लष्कर’ असे दोनच कप्पे केलेत तर एनएसजी आणि सी-६० दोन्ही कुठे ठेवायचे ते कळत नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. उघडा माळ, रात्र, अंतर दोनशे मीटरच्या पुढे आणि दोन्हीकडे वीस माणसं. इथे लष्करी तुकडी जिंकते आणि बहुतेक वेळा लवकर जिंकते. सैनिक रोज ज्याचा सराव करतो ती गोष्ट म्हणजे मारा आणि हालचाल. अर्धी तुकडी मशीनगनने समोरच्याला डोकं वर काढू देत नाही, उरलेली अर्धी बगलेवरून पुढे सरकते, मग अदलाबदल. यासाठी मशीनगन, ग्रेनेड लाँचर, मागे मॉर्टार, हजारभर गोळ्या आणि तीन-चार दिवस स्वतःच्या पाठीवरच्या शिध्यावर जगण्याची तयारी लागते. जखमी झालेल्याला रात्रभर सांभाळणारा परिचारक तुकडीतच असतो.

पोलिसांच्या विशेष पथकाची रचनाच काही तासांच्या कामासाठी केलेली आहे. पथक गाडीने येतं. सोबत ढाल, दार फोडायचा सुमारे सोळा किलोचा रॅम, शिडी, आवाज-उजेडाचे ग्रेनेड, छोटी हत्यारं आणि मोजकी काडतुसं. रुग्णवाहिका घेऱ्याबाहेर उभी असणार, पाणी-जेवण मागून येणार, हे गृहीत धरलेलं असतं. दबवून ठेवणारा मारा त्यांना शिकवलेला नसतो, कारण गावात तो करता येत नाही. मशीनगनची गोळी घर चुकली की पुढच्या वाडीत जाते.

पण अंतर पाच मीटरवर आणा. बंद खोली, चार माणसं, त्यातली दोन ओलीस. आता मशीनगन, मॉर्टार, शिधा सगळं निरुपयोगी झालं. इथे त्याच प्रकारच्या खोलीत हजार वेळा शिरलेला माणूस भारी पडतो, मग त्याच्या खांद्यावर कुठल्याही खात्याची फीत असो. खोलीत शिरायचा सराव न केलेल्या पायदळाच्या सैनिकापेक्षा, वर्षभर तेच करणारा पोलीस कमांडो तिथे उजवा असतो. मार्कोस, पॅरा किंवा एनएसजी हे दोन्ही करतात म्हणून ते वरचढ. पण त्याची किंमत असते: निवड कठोर, माणसं थोडी आणि ती तुमच्या दारापासून लांब.

खाडीकाठ:

चिरेबंदी यांनी अंतराचा मुद्दा बरोबर मांडलाय. मी घराबद्दल लिहितो, कारण कोकणातलं घर हे सरावासाठी बांधलेल्या सिमेंटच्या खोल्यांसारखं नसतं. पुस्तकी पद्धत इथे कुठे अडकते ते आधी बघायला हवं.

भिंत. जुनं घर चिऱ्याचं असेल तर बाहेरची भिंत नऊ इंच किंवा त्याहून जाड. पिस्तुलाची किंवा एमपी-५ या छोट्या स्वयंचलित बंदुकीची ९ मिमी गोळी तिथे थांबते. रायफलच्या गोळ्या एकाच जागी बसत राहिल्या तर जांभा दगड भुगा होत जातो, त्यामुळे ती आडोशाची कायमची जागा धरू नये. आतली विभागणी मात्र कित्येकदा फळ्यांची आणि वर माळा लाकडी. फळीतून ९ मिमीसुद्धा आरपार जाते. म्हणजे ओटीवरून माजघरात मारलेली गोळी स्वयंपाकघरातल्या ओलिसाला लागू शकते. माळ्यावर बसलेला माणूस खाली न दिसता फळ्यांमधून गोळीबार करू शकतो. सिमेंटच्या खोल्यांत सराव केलेलं पथक माळा विसरतं. ही सगळ्यात घातक चूक.

दार. जुनं दुपाखी दार आत उघडतं आणि मागे अडसर असतो. रॅम मधोमध मारला तर अडसर सगळा धक्का खातो आणि दार जागचं हलत नाही. तिथे बिजागरीची बाजू तोडावी लागते किंवा आकार दिलेला स्फोटक पट्टा लावावा लागतो. नवीन बंगल्याला बाहेर उघडणारं लोखंडी जाळीचं दार असतं, त्याच्यावर रॅमचा काहीच उपयोग नाही; पहार लावून ओढावं लागतं. चुकीचं अवजार घेऊन दारात उभं राहणं म्हणजे दहा-पंधरा सेकंद समोरून गोळ्या खाणं. घरमालकाचा भाऊ, गवंडी, वायरमन यांच्यापैकी कुणालातरी गाठून दार कसं उघडतं आणि माळ्याची शिडी कुठे आहे हे आधी विचारणं, हे पाच मिनिटांचं काम अर्धी कारवाई वाचवतं.

छप्पर. नरिमन हाउसवर २८ नोव्हेंबरच्या सकाळी हेलिकॉप्टरमधून दोरावरून जवान उतरले, तो प्रसंग सगळ्यांच्या डोक्यात बसलाय. तिथे सपाट स्लॅब होता. मंगलोरी कौलांवर माणसाचं वजन पडलं की कौल फुटतं आणि पाय रिपांमध्ये अडकतो. शिवाय हेलिकॉप्टरच्या वाऱ्याने सुटी कौलं, झावळ्या, नारळ सगळंच उडतं. माड पंधरा-वीस मीटर उंच, म्हणजे हेलिकॉप्टर त्याच्याही वर थांबणार आणि दोर तीस मीटरच्या आसपास लागणार. तेवढा वेळ लटकणारा माणूस सरळ निशाण्यावर असतो. वाडीतल्या कौलारू घरावर हे करूच नये, असं माझं मत आहे.

आवाज. पोफळीच्या बागेतली वाळलेली पानं आणि झावळ्या रात्री चालताना लांबवर ऐकू जातात. पावसाळ्यात उलट: पागोळ्यांच्या आवाजात जवळ जाता येतं, पण मुसळधार पावसात उष्णता टिपणारा कॅमेरा नीट दिसू देत नाही. तो काचेतूनही बघू शकत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. रात्री बघायचं साधं उपकरण समोरून झोतदिवा आला की फिकं पडतं. गावकऱ्यांनी उत्साहाने मोटारींचे हेडलाइट घरावर सोडले तर पथक आंधळं होतं.

आवाज-उजेडाचा ग्रेनेड. अमेरिकी एम-८४ चा आवाज पाच फुटांवर १७० ते १८० डेसिबल आणि उजेड दहा लाख कँडेलांहून जास्त. त्याचा फायदा फक्त दोन-तीन सेकंद मिळतो. त्यात पहिल्या दोघांनी कोपरे गाठायला हवेत. पण तो तापतो. १९८० मध्ये लंडनच्या इराणी दूतावासात ब्रिटिश लष्कराच्या एसएएस कमांडोंच्या कारवाईत पडद्यांना आग लागली होती. आपल्याकडे माळ्यावर गवत, गोठ्यात पेंढा, परसात नारळाची सोडणं (सुकलेल्या साली). आग लागली तर ओलिसांना बाहेर काढायला वेळ उरत नाही. म्हणून आत टाकण्यापूर्वी पेंढा कुठे आहे हे माहीत असलंच पाहिजे, आणि पाण्याचा पंप तयार हवा.

माणसं किती लागतात ते हिशेबाने सांगतो. ओटी, माजघर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि माळा एवढं घर धरलं, तर आत शिरणाऱ्या चार-पाच जणांच्या दोन तुकड्या, तेवढीच एक राखीव आणि नेमबाजांच्या दोन जोड्या. नेमबाज घराच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर, म्हणजे प्रत्येक जोडीला दोन-दोन बाजू दिसतात. त्याशिवाय आतला घेरा दहा माणसांचा. तीसच्या खाली हे काम घेऊ नये. दोन दारांतून एकाच वेळी शिरलात तर एकमेकांवरच गोळ्या जातात. त्यामुळे हद्द आधी ठरवायची: ओटीकडून शिरलेली तुकडी माजघराच्या उंबऱ्यापर्यंत, परसातून शिरलेली स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. उंबरा ओलांडायचा तर आधी आवाज द्यायचा. अंधारात उंबरा पायाला लागतो, म्हणून ही खूण कागदावरच्या रेषेपेक्षा भरवशाची.

हे सगळं पोलिसांच्या पथकाचं काम आहे की लष्कराचं? माझ्या मते हे पोलिसी पद्धतीचंच आहे. फक्त ते करणाऱ्याकडे लष्करी दर्जाची रायफल आणि चिलखत हवं.

वेळवी:

मला एका गोष्टीवर आक्षेप आहे. वरच्या दोघांच्या लिहिण्यातून असा भास होतो की थांबून, माहिती काढून, दार बघून शिरायला वेळ मिळेलच. तो मिळेल की नाही हे आत बसलेले कशासाठी आलेत यावर ठरतं.

ज्यांना काही मागायचंय, त्यांच्याशी बोलणी चालतात आणि वेळ पोलिसांच्या बाजूने असतो. मे १९८८ च्या ब्लॅक थंडरमध्ये सुवर्ण मंदिराला वेढा घालून, वीज-पाणी तोडून, नेमबाज बसवून अतिरेक्यांना शरण यायला लावलं. ब्लू स्टारमध्ये चार वर्षांपूर्वी रणगाडे आत न्यावे लागले होते. जागा तीच, पद्धत बदलली आणि नुकसान कित्येक पटींनी कमी झालं.

पण जे मारायलाच आलेत, त्यांच्या बाबतीत प्रत्येक तास ओलिसांचा जातो. ढाक्यात १ जुलै २०१६ च्या रात्री होली आर्टिझन कॅफेत पहिल्यांदा पुढे गेलेल्या पोलिसांपैकी दोन अधिकारी मारले गेले. त्यानंतर सकाळपर्यंत थांबून लष्कराच्या पॅरा कमांडोंनी कारवाई केली. ती पंधरा मिनिटांच्या आत संपली, पण तोवर २० ओलिसांची हत्या झालेली होती. इथे कमांडो उत्तम असून उपयोग झाला नाही, कारण ते उशिरा आले. पहिले पोलीस वेळेवर होते, पण ग्रेनेड झेलायची तयारी नव्हती. शाळेतल्या गोळीबारांनंतर अमेरिकेत पोलिसांनी हाच धडा घेतला. १९९९ नंतर तिथे विशेष पथकाची वाट न बघता पहिल्या आलेल्या दोन-चार जणांनीच आत जायचं शिकवलं जातं.

आणि ‘शेवटी लष्करच लागतं’ म्हणणाऱ्यांनी २७ जुलै २०१५ चं दीनानगर बघावं. गुरदासपूर जिल्ह्यातल्या त्या पोलीस ठाण्यात तीन अतिरेकी लष्करी गणवेशात घुसले. लष्कर शेजारी हजर होतं, तरी कारवाई पंजाब पोलिसांच्या स्वॅट पथकाने पूर्ण केली, सुमारे बारा तासांत तिघेही मारले गेले. पोलीस अधीक्षक बलजित सिंग त्यात हुतात्मा झाले. जर्मनीचं जीएसजी-९ तर सरळ सीमा पोलिसांमधून तयार केलेलं. १९७२ ला म्युनिक ऑलिंपिकच्या वेळी बव्हेरियाचे पोलीस तयारीशिवाय उतरले आणि सगळे ओलीस गेले. त्यानंतर पाच वर्षांत याच नव्या पोलीस पथकाने मोगादिशूला लुफ्तान्साच्या विमानातले सगळे प्रवासी सोडवले. तेव्हा पोलीस असणं ही मर्यादा नाही. मर्यादा असते ती काडतुसांची, सरावाच्या तासांची आणि चिलखताच्या दर्जाची.

चिरेबंदी:

वेळवी, वेळेचा मुद्दा मान्य. ब्लॅक थंडरचं उदाहरण मात्र पोलीस आणि लष्कर यांच्या सीमारेषेवर आहे: तिथे एनएसजी होती, म्हणजे सैनिकच, पण पोलिसांच्या नेतृत्वासोबत पोलिसी पद्धतीने लढले.

चिलखताबद्दल आकडे देतो, कारण त्यावर फार गैरसमज आहेत. अमेरिकी मोजमापात ‘तीन-ए’ दर्जाचं जाकीट पिस्तूल आणि एमपी-५ च्या गोळीपर्यंतच. एके-४७ च्या गोळीसाठी त्याच्या वर ‘तीन’ किंवा ‘चार’ दर्जाची कडक फळी लागते आणि समोर-मागे दोन फळ्या धरल्या की पाच-सहा किलो वजन वाढतं. ढालीचंही तसंच: एकट्याने पळत नेता येते ती बहुतेक पिस्तुलापुरतीच असते. रायफल थांबवणारी मोठी ढाल बहुतेक वेळा इतकी जड की ती चाकांवर ढकलत न्यावी लागते. पॅरिसला नोव्हेंबर २०१५ मध्ये बाताक्लाँमध्ये पोलिसांनी तशीच चाकांची ढाल पुढे घालून कारवाई केली. कोकणात ओटीच्या चार पायऱ्या, मग उंबरा. चाकांची ढाल तिथेच थांबली.

१९९७ ला लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलिवूड भागात दोन दरोडेखोर चिलखत घालून स्वयंचलित रायफली घेऊन उतरले. गस्तीवरच्या पोलिसांच्या पिस्तुलांनी त्यांना काही होईना आणि चकमक चव्वेचाळीस मिनिटं चालली. त्यानंतर तिथल्या गस्ती गाड्यांत रायफल आली. आपल्याकडे २००८ ला छत्रपती शिवाजी टर्मिनसवर शिपायांच्या हातात जुनी पॉइंट थ्री नॉट थ्री रायफल होती. दर गोळीनंतर बोल्ट ओढायचा, आणि समोर तीस गोळ्यांचं स्वयंचलित हत्यार. त्या रात्रीचं अपयश शिपायांच्या हिमतीचं अजिबात नव्हतं.

कचेरीरोड:

एक बाजू कुणी घेतलेली नाही, ती कायद्याची. ही लढण्याच्या पद्धतीत थेट उतरते, म्हणून लिहितो.

युद्धात सैनिकाला समोरचा शत्रू दिसला की गोळी मारण्यासाठी दुसरं कारण लागत नाही. पोलिसाच्या समोर कायद्याने आरोपी असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ प्रमाणे अटकेसाठी लागेल ते बळ वापरता येतं, पण ज्याच्यावर मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही त्याचा जीव घ्यायचा अधिकार त्यातून मिळत नाही. स्वतःचा किंवा ओलिसाचा जीव वाचवणं हा खाजगी बचावाचा हक्क वेगळा, तो भारतीय न्याय संहितेत आहे आणि सामान्य माणसालाही आहे. चकमकीत मृत्यू झाला तर सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१४ च्या निर्देशांप्रमाणे गुन्हा नोंदवणं, सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याकडून तपास आणि दंडाधिकाऱ्यांची चौकशी हे आलंच. त्यामुळे पोलीस कमांडोच्या प्रत्येक गोळीला नंतर उत्तर द्यावं लागतं: कुठून सुटली, कशासाठी सुटली.

लष्कराला मदतीला बोलावलं तरी मोकळीक मिळते असं नाही. जमाव पांगवण्यासाठी याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४९ खाली दंडाधिकारी सैन्य बोलावू शकतात, पण त्या कलमातच लिहिलंय की शक्य तितकं कमी बळ आणि कमी इजा. सैन्याला विशेष अधिकार देणारा अफस्पा कायदा महाराष्ट्रात लागू नाही.

या चौकटीचा फायदा काय, ते गिरगाव चौपाटीने दाखवलं. सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी एके-४७ ची नळी धरून ठेवली आणि बाकीच्यांनी कसाबला जिवंत पकडलं. दहापैकी तो एकटाच जिवंत हाती लागला, आणि कट कुठे शिजला, कोणत्या वाटेने आले, हे सगळं न्यायालयात शाबीत करायला तो जिवंत असणं फार मोलाचं ठरलं. नाकाबंदीवरच्या पोलिसांनी केलेली ही गोष्ट कुठल्याही कमांडो पथकाच्या कामाच्या बरोबरीची आहे आणि ती तुलनेत धरलीच पाहिजे.

श्रीवर्धनकर:

सगळ्यांचे आभार, इतकं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. खाडीकाठ दादा, आता पहिल्या तासाचं सांगा. मुंबईहून पथक येईपर्यंत ठाण्यातल्या आठ-दहा माणसांनी काय करायचं? आणि पथक समुद्रातून येऊ शकतं का?

खाडीकाठ:

पहिला तास हाच खरा विषय. मुंबई ते रत्नागिरी हवाई अंतर साधारण सव्वादोनशे किलोमीटर, मोठ्या हेलिकॉप्टरला तासभर. पण हुकूम, माणसं गोळा करणं, सामान चढवणं, उतरल्यावर घटनास्थळापर्यंत गाड्या, हे धरलं तर चार तासांच्या आत कुणी हात घालेल असं मानू नका. २००८ ला हल्ला रात्री साडेनऊच्या सुमारास सुरू झाला आणि एनएसजी मुंबईत उतरली पहाटे. त्यानंतर त्यांचा तळ मुंबईतच आला, तो फार मोठा बदल. मालवणच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा: ते मुंबईपेक्षा गोव्याला कितीतरी जवळ, हवाई अंतर शंभर किलोमीटरच्या आत. नौदलाचा तळ तिथे आहे. राज्याची हद्द आड येऊ नये म्हणून दोन्हीकडचे फोन क्रमांक सरावातच ठरलेले असावेत.

ठाण्यातल्या माणसांचं काम, क्रमाने. पहिलं, घर सुटू न देणं. चारही बाजूंना जाड आडोशामागे माणूस बसवायचा. पोफळीचं खोड हा आडोसा नव्हे, ते गोळी थांबवत नाही. चिऱ्याचा गडगा, विहिरीचा कठडा, गाडीचा इंजिनाकडचा भाग चालतो. गाडीचं दार चालत नाही. दुसरं, शेजारची घरं रिकामी करणं, तीही परसाच्या बाजूने, रस्त्यावरून नाही. तिसरं, आलेल्या बातमीची नोंद: किती आवाज ऐकू आले, एकेक गोळी की सलग, कुठल्या खिडकीत हालचाल, वेळेसकट. धडक देणारं पथक आल्यावर पहिला प्रश्न हाच विचारतं आणि बहुतेक वेळा कागदावर काहीच नसतं. चौथं, एका माणसाने फक्त फोनवर राहायचं. ठाणेदार स्वतः रायफल घेऊन पुढे गेला की घेरा सांभाळायला कुणी उरत नाही. ही चूक वारंवार होते.

आतून सतत गोळ्यांचे आणि किंकाळ्यांचे आवाज येत असतील, तर वेळवी म्हणतात ते लागू होतं. रायफल आणि चिलखत असलेले चार जण असतील तर जावंच लागेल. चार नसतील तर खिडकीवर मारा करून आतल्यांचं लक्ष ओलिसांवरून स्वतःकडे ओढून घ्यायचं. हा निर्णय कुणी घ्यायचा हे आधीच ठरलेलं नसेल तर कुणीच घेत नाही.

गर्दी आणि मोबाइल. अतिरेकीविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर केबल नियमांत २०१५ पासून बंदी आहे, पण ती वाहिन्यांना. गावातल्या व्हॉट्सॲप गटावर ‘पोलीस मागच्या वाडीतून चाललेत’ असा व्हिडिओ गेला की आतल्यांना तो दिसू शकतो. २००८ ला हल्लेखोरांना बाहेरून टीव्ही बघून फोनवर सूचना मिळत होत्या. सागर रक्षक दलाच्या पोरांना आणि पोलीस पाटलांना हे एक काम नक्की द्यावं: दोनशे मीटरच्या बाहेर माणसं ठेवणं आणि चित्रीकरण थांबवणं.

समुद्रातून येण्याबद्दल. मार्कोस येऊ शकतात, त्यांचं घडणंच त्यासाठी. रबरी बोट, इंजिन बंद करून शेवटचं अंतर वल्ह्याने किंवा पोहत. पोलिसांच्या पाच आणि बारा टनी गस्ती बोटी पाठलाग आणि अडवणुकीसाठी चांगल्या, पण ओहोटीला खाडीच्या मुखाशी गाळात बसतात. भरती साधारण सव्वासहा तासांनी ओसरून तळ गाठते आणि दुसऱ्या दिवशी पाऊण-एक तास उशिराने येते. उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला) गाळावर पाणी भरपूर पण ओढही जोराची, भांगाला (अष्टमीच्या सुमाराला) ओढ कमी पण पाणी थोडं. हे गणित आपल्या कोणत्याही तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, तोंडपाठ असतं. बाहेरून आलेल्या पथकाने नकाशापेक्षा आधी त्याला विचारावं. पावसाळ्यात मुखाशी फुटणाऱ्या लाटांतून रबरी बोट आणणं फार धोक्याचं. त्या दिवसांत जमिनीवरूनच यायचं ठरवावं.

हर्णैबंदर:

थोडी भर. नौदल, तटरक्षक आणि पोलीस यांच्या बिनतारी यंत्रणा वेगवेगळ्या. साधा उपाय म्हणजे प्रत्येक बाजूचा एक माणूस स्वतःच्या सेटसह एकाच टेबलावर बसवणं. समुद्रात सगळ्यांना ऐकू जाणारी वाहिनी १६ असते, पण ती मासेमारी बोटींनाही ऐकू जाते, म्हणून तिच्यावर हालचाल सांगू नये. आणि दोन पथकं एकाच वाडीत असतील तर रात्रीची खूण ठरवा: दंडावर कोणत्या रंगाची पट्टी, कोणता सांकेतिक शब्द. साध्या कपड्यातला हवालदार हातात पिस्तूल घेऊन अंधारातून आला तर मार्कोसला तो हवालदार आहे हे कळायचा काही मार्ग नसतो.

हत्यारांबद्दल: खारी हवा मॅगझिनच्या स्प्रिंगला आणि बोल्टच्या पुढच्या भागाला आधी धरते. नौदलात समुद्रातून आल्यावर हत्यार गोड्या पाण्याने धुऊन, कोरडं करून, तेल लावून ठेवणं हा रोजचा नेम. किनाऱ्यावरच्या ठाण्यात हत्यार महिनोन्‌महिने कपाटात असतं. मॅगझिन भरलेल्या अवस्थेत तशीच न ठेवता काढून पुसून बदलत राहावीत आणि काडतुसांना हिरवट डाग दिसले की सरावात वापरून संपवावीत.

श्रीवर्धनकर:

गडगा, उंबरा आणि भरतीचं वेळापत्रक, हे तीन मुद्दे पुढच्या सरावाच्या आधी बंदर समितीच्या बैठकीत मांडतो. संशयास्पद बोट दिसली तर सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे दोन्ही क्रमांक जेटीवरच्या फलकावर आहेत, पण रंग उडालाय. तो आधी रंगवून घेतो.

खाडीकाठ:

रंगवताना खाली ११२ पण लिहा, आणि कॉल करणाऱ्याने काय सांगायचं तेही: बोटीचा रंग, नोंदणी क्रमांकाची अक्षरं, माणसं किती, तोंड कुठल्या दिशेला, आणि जवळची खूण. ‘समुद्रात एक बोट आहे’ एवढ्यावर गस्ती बोट कुठे पाठवायची ते ठरवता येत नाही.